नसरापूरचा १६८३ सालचा सूर

बनेश्वरला गेले की मी आधी घंटेपाशी थांबते. पुणे-सातारा रस्त्यावर चेलाडी फाट्याला वेल्ह्याच्या दिशेनं वळलं की थोड्याच अंतरावर नसरापूर लागतं, भोर तालुक्यातलं. गावाच्या कडेला शिवगंगेच्या अंगानं दाट झाडी, झाडीत पाण्याची कुंडं आणि तिथंच पेशवेकालीन शंकराचं देऊळ. लोक येतात, हात वर करतात, एक टोल देतात आणि आवाज विरायच्या आत पुढं सरकतात. त्यांचं बरोबरच आहे. आलोय एवढी देवाला वर्दी दिली की घंटेचं काम झालं. पण या घंटेचा टोल देऊन लगेच पुढं जाऊ नये. तिच्या अंगावर नजर फिरवावी. तिथं एक क्रूस आहे आणि चार आकडे आहेत: १६८३.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. त्या विजयाची खूण म्हणून पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा कोकणातून घाटावर आल्या आणि ठिकठिकाणच्या देवांना अर्पण झाल्या. भीमाशंकरला एक आहे, नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळात एक आहे, वाईजवळ मेणवलीच्या घंटेवर तर बाळ येशूला कडेवर घेतलेली मेरी आहे. बनेश्वरची घंटा त्याच मेळ्यातली. शाळेत आपण ही गोष्ट लढाईची म्हणून वाचली आणि ती लढाईची आहेच. मला मात्र गेली काही वर्षं तिच्यात दुसरंच काही ऐकू येतंय. ही घंटा म्हणजे एक वाद्य आहे. सतराव्या शतकातलं, युरोपी परंपरेतलं, आणि ज्या दिवशी ओतलं त्या दिवशी होतं तसंच्या तसं.

‘तसंच्या तसं’ हे किती दुर्मीळ आहे ते कळायला एका वेगळ्या मैफलीत डोकावायला हवं. युरोपात विसाव्या शतकात काही वादकांनी हट्ट धरला, की जुनं संगीत जुन्याच वाद्यांवर वाजवायचं. १९५३ मध्ये व्हिएन्नात निकोलाउस हार्नोनकूर्ट यांनी आपली मंडळी याच हट्टापायी जमवली. बाख, कोरेल्ली, पर्सेल या रचनाकारांनी जे कानानं ऐकलं असेल ते आपल्याला ऐकायचंय, एवढंच त्यांचं म्हणणं. गोष्ट सोपी वाटते. पण त्या काळचं व्हायोलिन आणायचं कुठून? स्ट्रॅडिव्हेरियसची प्रसिद्ध व्हायोलिनं आहेत, हे खरं. पण जवळजवळ प्रत्येकाची पुढच्या शतकांत मोडतोड झालेली. मोठ्या सभागृहांत आवाज पोचावा म्हणून त्यांची मान बदलून लांब आणि तिरकी केली, पोटातली लाकडी पट्टी जाड केली, तारा जास्त ताणल्या. म्हणजे लाकूड त्या काळचं, आवाज नंतरचा. म्हणून अशा मैफलीतली बरीचशी वाद्यं जुन्या मापांवरून नव्यानं घडवलेली असतात. कारागीर संग्रहालयांत जाऊन मोजमापं घेतात, जुनी चित्रं निरखतात आणि चारशे वर्षांपूर्वीच्या आवाजाचा अंदाज बांधतात.

आणि इथं नसरापुरात त्या काळचा एक सूर टांगलेला आहे. त्याला अंदाज लागत नाही. हात वर करायचा.

१६८३ हे साल मी एकदा सहज चाळून पाहिलं आणि थक्क झाले. त्याच साली लंडनमध्ये हेन्री पर्सेल या पंचविशीही न गाठलेल्या तरुणानं बारा सोनाटांचा संच छापला: दोन व्हायोलिन, एक खर्जाचं तंतुवाद्य आणि सोबतीला ऑर्गन किंवा हार्पसिकॉर्ड. त्याच्या दोनच वर्षं आधी, १६८१ मध्ये, रोममध्ये आर्कांजेलो कोरेल्लीचा पहिला संच निघाला होता. दोन वर्षांनी, १६८५ मध्ये, बाख, हँडेल आणि दोमेनिको स्कार्लात्ती हे तिघंही एकाच साली जन्मणार होते. आणि इकडे? इकडे संभाजी महाराजांची कारकीर्द चालू होती. त्या वर्षाच्या शेवटी फोंड्याच्या किल्ल्याला पोर्तुगीज व्हाइसरॉयनं घातलेला वेढा उधळून महाराजांचं सैन्य गोव्याच्या दारात जाऊन उभं राहिलं होतं. ज्यांच्याशी लढाई, त्यांच्याच कुणा ओताऱ्यानं त्या साली ही घंटा साच्यातून बाहेर काढली असणार.

पुढं छप्पन्न वर्षं ती चर्चमध्ये वाजली. ही छप्पन्न वर्षं म्हणजे ज्याला बरोक म्हणतात त्या संगीताच्या भरभराटीची वर्षं. ती पोर्तुगिजांच्या हातून गेली त्या १७३९ साली लंडनमध्ये हँडेल ‘कॉन्चेर्टो ग्रोस्सो’ प्रकारच्या बारा वाद्यवृंद-रचना जेमतेम महिन्याभरात लिहून काढत होता. बरोक हा शब्दही घंटेच्याच मुलखातला. पोर्तुगीज जवाहिऱ्यांच्या भाषेत ‘बारोको’ म्हणजे वाकडातिकडा, गोल न घडलेला मोती. आपल्याकडं त्याच भाषेतून चावी आली, साबण आला, पगार आला, घमेलं आलं. मोती तेवढा मागं राहिला.

आता घंटेच्या धातूकडं येऊ. घंटेचं कांसं म्हणजे तांबं आणि कथील. युरोपी ओतारी साधारण ७८ भाग तांब्याला २२ भाग कथील धरत, आणि आपल्या कासारांचं उत्तम कांसंही याच प्रमाणाच्या आसपासचं. आजी उन्हाळ्यात तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीनं घासायची. ती वाटी फरशीवर ठेवताना हलकासा आवाज व्हायचा आणि तो बराच वेळ खोलीत राहायचा. त्या वाटीचं आणि या घंटेचं रक्ताचं नातं आहे. कथील वाढवलं की धातू कडक होतो आणि ठिसूळही. पडला तर फुटेल; पण ठोकला तर कंपनं आतल्या आत जिरवून टाकत नाही, बाहेर देत राहतो. तांब्याचा हंडा ठोकून बघा, ‘बद्द’ वाजून गप्प होतो. कांसं बोलत राहतं.

तोफेचाही धातू हाच, फक्त कथील निम्म्यानं कमी. त्यामुळं युरोपात शतकानुशतकं एक उलाढाल चालायची: लढाई आली की घंटा वितळवून तोफा, लढाई सरली की तोफा वितळवून घंटा. १६८३ मध्येच तुर्कांनी व्हिएन्नाला वेढा घातला होता. त्यांच्या मागं राहिलेल्या तोफांतून १७११ मध्ये तिथल्या कॅथेड्रलची प्रचंड घंटा ओतली गेली. दुसऱ्या महायुद्धात नाझी राजवटीनं सुमारे दीड लाख घंटा भट्टीत घातल्या. त्यात सतराव्या शतकातले किती सूर गेले असतील, कल्पना करवत नाही. वसईच्या या घंटा जिंकणाऱ्यांच्या हातात पडल्या होत्या, आणि तोफांची गरज मराठ्यांनाही होतीच. तरी त्या भट्टीत न जाता देवळात गेल्या. मला ही गोष्ट वसईच्या विजयाइतकीच मोठी वाटते.

खरी गंमत टोल दिल्यानंतर सुरू होते. तंबोरा लावणाऱ्या माणसाला ती चटकन कळेल. युरोपी घाटाची घंटा एकच सूर देत नाही. ती सुरांचा एक गुच्छ देते. सगळ्यांत खाली एक गुंजन, त्याच्या सप्तकभर वर एक सूर, त्यावर कोमल गंधाराच्या जागी एक, पंचमाच्या आसपास एक, आणि वर तार षड्ज. त्याहीवर आणखी बारीक सूर. जुन्या घंटांत हे थोडे इकडंतिकडं असतात, कारण साच्यातून निघाली तशी घंटा टांगायची, हाच बहुतेक ठिकाणचा रिवाज. त्या कोमल गंधारामुळंच चर्चच्या घंटेत एक उदास झाक येते. लग्नाची घंटा असली तरी तिच्यात सांज असते, असं मला नेहमी वाटत आलंय.

आणि सगळ्यांत अचंब्याची गोष्ट: टोल दिल्याक्षणी आपण जो सूर ‘हा घंटेचा सूर’ म्हणून ओळखतो, तो मोजायला गेलं तर घंटेत त्या जागी सापडेलच असं नाही! घंटेच्या वरच्या तीन सुरांचं आपसातलं प्रमाण दोनास तीनास चार असं पडतं. कान ते प्रमाण ऐकतो आणि मनाशी ठरवतो, की दोन, तीन, चार आहेत तर मुळात एक असणारच. आणि तो ‘एक’ कान स्वतः तयार करून ऐकतो. हे रोजच्या अनुभवातलंच आहे. मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरमधून तंबोऱ्याचा खर्ज निघू शकत नाही, तरी आपल्याला खर्ज ऐकू येतो. वरच्या सुरांवरून कानानं तो भरून काढलेला असतो. म्हणजे बनेश्वरचा टोल अर्धा कांशात आहे आणि अर्धा ऐकणाऱ्याच्या डोक्यात.

घंटेच्या पोटात हे सूर वेगवेगळे राहतात, हे ज्यानं जगाला दाखवलं तो माणूस आंधळा होता. याकोब फान आइक, हॉलंडमधल्या उट्रेख्त शहराचा घंटावादक आणि नामांकित बासरीवादक. तो घंटेला हात न लावता तिच्याजवळ शीळ घालायचा. नेमका सूर लागला की तेवढाच एक सूर घंटेतून उमटायचा, बाकीचे गप्प. तंबोऱ्यासमोर गाताना आपला षड्ज बरोबर लागला की तार आपोआप थरथरते, तसंच. त्यानं फ्रांस्वा आणि पीटर हेमोनी या ओतारी भावांना ही विद्या दिली. मग त्यांनी घंटा आतून खरवडून खरवडून तिच्यातले सूर एकमेकांशी जुळवले. असा पहिला जुळवलेला घंटांचा संच १६४४ मध्ये झुटफेन गावात बसला. आपली घंटा ओतली गेली त्याच्या एकोणचाळीस वर्षं आधी.

टोल विरत जाताना आणखी एक गोष्ट होते. आवाज सरळ कमी होत नाही. डोलत डोलत कमी होतो. कुठलीही घंटा अगदी बिनचूक गोल नसते. एखाद्या बाजूला काठ केसभर जाड असतो, त्यामुळं एकाच सुराची दोन रूपं होतात, अगदी थोड्या फरकाची, आणि ती एकमेकांत मिसळून लाटा उठवतात. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा जुळत आल्या की ज्या लाटा ऐकू येतात आणि ज्या संथ होत होत थांबल्या की आपण खुंटी सोडतो, त्याच या. फक्त घंटेला खुंटी नाही. त्यामुळं तिचं डोलणं १६८३ पासून चाललंय तसंच चाललंय.

आता त्या मैफलीकडं पुन्हा जाते, कारण या घंटेपाशी उभं राहून मला ती मैफल उलगडली. सोनाटा म्हणजे नुसतं ‘वाजवलेलं’. इटालियन भाषेत गायचं ते कांताता आणि वाजवायचं ते सोनाटा, इतका साधा फरक. चर्चमध्ये वाजवायचा तो ‘दा किएझा’ आणि खोलीत वाजवायचा तो ‘दा कामेरा’. कामेरा म्हणजे खोली, दिवाणखाना. तिथूनच चेंबर म्युझिक. आपल्याकडं याला चांगला शब्द आहे: बैठक. पन्नास-साठ माणसं, वादक हाताच्या अंतरावर, श्वास ऐकू येतोय. भोरला पंतसचिवांच्या राजवाड्याच्या चौकात उभं राहिलं की मला नेहमी वाटतं, ही जागा अशाच वाद्यांच्या आवाजाएवढी आहे. या वाद्यांना याहून मोठं सभागृह सोसत नाही, आणि याहून लहान खोली त्यांच्यावर अन्याय करील. गोव्यात जुन्या राजधानीच्या टेकडीवर माउंटचं चॅपेल आहे. तिथल्या मोंते महोत्सवात पाश्चात्त्य संगीत आणि आपलं रागसंगीत एकाच वास्तूत होतं. जाड भिंती, चुन्याचा गिलावा, खाली मांडवी नदी. अशा जागी सोनाटा ऐकला की हे संगीत भिंतींसकट रचलेलं होतं, हे सांगावं लागत नाही.

वाद्यं जवळून बघायला मिळाली की मराठी माणसाला ओळखीचं पुष्कळ सापडतं. त्या काळच्या व्हायोलिनला लोखंडाची तार नाही, मेंढीच्या आतड्याची तात आहे. आपल्या सारंगीच्या मुख्य तारा आजही आतड्याच्याच. आवाज थोडा खरखरीत, ऊबदार, माणसाच्या गळ्याला जवळचा. हवा दमट झाली की तातेचा सूर हलतो, म्हणून दोन सोनाटांच्या मध्ये वादक पुन्हा पुन्हा खुंट्या पिळतात. आपल्या मैफलीत हे बघायची सवय असल्यानं आपल्याला त्यात वावगं काही वाटत नाही. हनुवटी टेकवायचं लाकूडही तेव्हा नव्हतं, ते १८२० च्या सुमारास आलं. आणि गज बाहेरच्या बाजूला कमानीसारखा वाकलेला, टोकाकडं हलका. त्यामुळं सूर एकाच जोरानं ताणत नेता येत नाही. तो उमटतो, फुलतो आणि विरतो. हे वादन समजावून सांगताना घंटेच्या टोलाची उपमा देतात: प्रत्येक सुराला ठोका असावा आणि मग झंकार. ही उपमा मला आधी नुसती छान वाटली होती. बनेश्वरला ती पहिल्यांदा कानाला कळली. तेव्हाचे वादक रोज हेच ऐकत वाढले होते. दिवसाचे प्रहर त्यांना घंटेनं कळायचे.

हार्पसिकॉर्ड दिसायला पियानोच्या घरातला, पण स्वभावानं सतारीचा. पट्टी दाबली की लाकडाची एक पातळ काडी वर उसळते आणि तिच्यात बसवलेला पिसाच्या दांड्याचा काटा तार छेडतो. ते पीस बरेचदा डोमकावळ्याचं असायचं. पट्टी हळू दाबा नाही तर जोरात, तार छेडली जाते ती सारखीच. लहानमोठा आवाज हातात नाही म्हटल्यावर वादकानं करायचं काय? तो वेळेशी खेळतो. एखादा सूर कणभर थांबवून देतो, जमलेले सूर एकदम न सोडता तुषारासारखे एकामागून एक सोडतो. जोर नाही तिथं लय कामाला लागते.

आणि पट्टी! मैफलीत कुणी विचारलं की ‘कुठल्या पट्टीत?’ आपण म्हणतो काळी एक, पांढरी चार. ज्याचा जसा गळा, तसा त्याचा सा. पाश्चात्त्य संगीताचा सा मात्र साऱ्या जगात एकच, अशी आपली समजूत असते. तो एक झाला कधी? सेकंदाला ४४० कंपनं हे माप १९३९ मध्ये लंडनच्या परिषदेत ठरलं, वसईच्या विजयानंतर दोनशे वर्षांनी. त्याआधी गावागणिक सूर वेगळा. रोमचा खाली, व्हेनिसचा वर. आज जुन्या वाद्यांवर वाजवणारे सोयीसाठी ४१५ धरतात, म्हणजे आजच्यापेक्षा साधारण एक अर्धस्वर खाली. पण तोही तहच. खरा पुरावा हवा असेल तर अशा गोष्टींकडं जावं लागतं ज्यांचा सूर कुणाला उतरवता-चढवता आलेला नाही. तात सैल पडते, लाकूड वाकतं. ओतलेलं कांसं जागचं हलत नाही.

याहून आत एक गोष्ट आहे, तिच्यासाठी मी हा सगळा खटाटोप करते आहे असं म्हटलं तरी चालेल. मिरजेच्या कारागिरानं जीव ओतून घडवलेला तंबोरा नीट लागला, जवारी खुलली, की खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार ऐकू येतो. स्वयंभू गंधार. तो ज्यानं एकदा ऐकला त्याला पेटीचा गंधार टोचतो, कारण पेटी आणि पियानो यांत सप्तकाचे बारा सारखे तुकडे पाडलेले असतात आणि त्यात गंधार खऱ्या जागेपेक्षा थोडा चढा बसतो. एका अर्धस्वराचे शंभर भाग केले तर जवळजवळ चौदा भाग. याच भांडणापायी सांगलीकडच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बावीस श्रुतींची मापं काढली. पेटीला आकाशवाणीनं १९४० मध्ये बंदी घातली, ती १९७१ पर्यंत उठली नाही. मिंड घेता न येणं आणि हे ठरावीक सूर, दोन्ही तक्रारी तिच्यावर होत्या. आता ऐका. सतराव्या शतकात हार्पसिकॉर्ड आणि ऑर्गन लावायची जी एक पद्धत युरोपात रूढ होती, तिच्यात पंचमाला थोडं उतरवून गंधार अगदी खरा, शुद्ध ठेवत. प्रमाण पाचास चार. म्हणजे तंबोऱ्यातलाच स्वयंभू गंधार. त्याची किंमतही मोजावी लागे: सप्तकात एक पंचम इतका बेसूर होई की त्याला ‘लांडगा’ म्हणत, आणि रचनाकार त्या बाजूला फिरकतच नसत. पण उरलेल्या जागी जे सूर जुळत ते असे जुळत की लाटा उठेनाशा होत.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. आपण ज्याला आपल्या संगीताचा आणि त्यांच्या संगीताचा मूलभूत फरक म्हणतो, तो पुष्कळसा गेल्या दोन-अडीचशे वर्षांतला आहे.

साथीचंही तसंच. सोनाटाच्या कागदावर खालच्या ओळीत फक्त खर्जाचे सूर आणि त्यांच्याखाली आकडे: ६, ४, ७. त्यावरून हार्पसिकॉर्डवाल्यानं वरचं सगळं जागच्या जागी भरायचं. एकाच कागदावरून दोन वादक दोन वेगळ्या साथी करणार, जसे दोन तबलजी एकाच ठेक्याची दोन घरं बांधतात. तिघांचा सोनाटा म्हणतात त्याला चौघं लागतात तेही यामुळंच: दोन व्हायोलिनं आणि खर्ज हे तीन आवाज कागदावर, पण खर्जाच्या ओळीवर चेलो आणि हार्पसिकॉर्ड दोघं बसलेले. संथ भागात तर व्हायोलिनच्याही ओळीत मोजके लांब सूर असतात. तेवढेच वाजवले तर ती बंदिशीची नुसती मांडणी झाली, भरायचं वादकानं. कोरेल्लीचे व्हायोलिन सोनाटा १७०० मध्ये रोमला छापले गेले. पुढं १७१० च्या सुमाराला ॲम्स्टरडॅमच्या एका प्रकाशकानं तेच पुन्हा काढले, ‘कोरेल्ली स्वतः हे असं वाजवतात’ म्हणून, साऱ्या हरकती-मुरक्या लिहून. कुणी तरी बुवांची बढत कागदावर उतरवून विकावी, तशी ही गोष्ट. त्यातला शेवटचा सोनाटा ‘फोलिया’ या मुळच्या पोर्तुगीज नाचाच्या चालीवर आहे. सोळा बारचं, म्हणजे तालाच्या सोळा घरांचं, एक आवर्तन, खालचा खर्ज तोच तो फिरत राहतो आणि वर व्हायोलिन दर फेरीला नवं काही काढतं. तबल्याच्या एकल वादनात लेहरा जसा फिरतो, तसा. ज्याला लेहऱ्यावर मान डोलवायची सवय आहे, त्यानं ही फोलिया ऐकावी. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला मान आपोआप हलते.

नसरापूरवरून पुढं वेल्ह्याकडं गेलं की राजगड आणि तोरणा समोर येतात. घंटा ओतली तेव्हा या डोंगरांतला वाऱ्यावरचा आवाज तुतारीचा आणि शिंगाचा. बरोकमधला तुतारीवालाही आपल्या तुतारीवाल्यासारखाच एका नियमानं बांधलेला. तेव्हाच्या ट्रम्पेटला कळा नव्हत्या, त्या एकोणिसाव्या शतकात आल्या. नळी एवढी लांब म्हणजे सूर एवढेच. फुंकर आणि ओठ यांच्या बळावर एकेक पायरी चढायची. खालच्या पायऱ्या दूर दूर, म्हणून आपली तुतारी मोजके सूर ललकारते. युरोपी वादकांनी नळी लांब केली आणि ते फार वर चढले. वर पायऱ्या जवळ येतात, आणि तिथं त्यांना चाल वाजवता येऊ लागली. निसर्ग एकच, फक्त कोण कुठल्या मजल्यावर थांबलं एवढाच फरक.

गेल्या खेपेला मी घंटेखाली उभी राहून बोटांनी सुरांचा हिशेब लावत होते. आधी वरचे बारीक सूर जातात. मग तो उदास गंधार पातळ होत होत सुटतो. शेवटी उरतं ते सगळ्यात खालचं गुंजन, डोलत. ते ऐकू येण्यापेक्षा छातीत कळतं. चर्चच्या मनोऱ्यात ही घंटा उंचावर होती. तिच्याखाली कान लावून उभं राहण्याचं भाग्य तिथं घंटा वाजवणाऱ्याखेरीज कुणाला नसेल. इथं ते येईल त्याला आहे.

मागून एक कुटुंब आलं. बापानं लेकाला वर उचललं, पोरानं दोन्ही हातांनी लोलक धरून टोल दिला. बाप त्याला खाली ठेवून देवाकडं निघाला. पोरगं हलेना. त्यानं चवड्यांवर उभं राहून घंटेच्या काठाकडं हात नेला, पोचला नाही, मग नुसताच मान वर करून उभा राहिला.

“चल की.”

“थांबा पप्पा. अजून वाजतीय.”